रुमालाखालचा क्रम

पांढरकवड्याच्या बाजारात आलेल्या कापसाचा भाव उघड बोलीने ठरावा, ही अपेक्षा केळापूर तालुक्यातील शेतकऱ्याला आज स्वाभाविक वाटते. परंतु ती आपोआप रुजलेली नाही. वऱ्हाडात कापूस व धान्य बाजारांचा कायदा झाला १८९७ साली. केळापूर तेव्हा वणी जिल्ह्यात होते. त्या कायद्याने नेमलेल्या समित्यांत व्यापाऱ्यांचेच प्राबल्य होते, त्यामुळे त्याचे फार गोडवे गाण्याचे कारण नाही. तरीही अडत्या आणि मापारी यांना परवाना हवा, खोट्या मापाला दंड हवा, हे तत्त्व तेथे मान्य झाले. रुमालाखाली बोटे दाबून सौदा करण्याची रीत हटवून उघड लिलाव आणण्यास त्यानंतरही कित्येक दशके लागली.

आता या शेतकऱ्यापुढे दुसरा बाजार उभा आहे. त्याला आवार नाही, काटा नाही आणि फलकही नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने कीटकनाशकांच्या ऑनलाइन विक्रीस परवानगी दिली. विक्रेत्याचा परवाना तपासण्याची जबाबदारी विक्रीमंचावर टाकली, हे योग्यच झाले. पण बोंडअळीचे नाव टाकताच मोबाइलच्या पडद्यावर जी यादी उतरते, तिच्यात पहिले औषध पहिले का, हा प्रश्न परवान्याने सुटत नाही. ते गुणकारी म्हणून वर आले, अधिक खपते म्हणून आले, की उत्पादकाने पैसे मोजले म्हणून? घाईत असलेला माणूस यादीच्या तळापर्यंत जात नाही. वरच्या दोन-तीन नावांतच निवड उरकतो. आणि फवारणीच्या दिवसांत कोण घाईत नसतो?

कायदा याबाबत अगदी मुका आहे असे नाही. जुलै २०२० च्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांनुसार वस्तूंचा वा विक्रेत्यांचा क्रम कोणत्या प्रमुख निकषांवर लागतो आणि त्या निकषांचे परस्परसापेक्ष महत्त्व काय, हे सोप्या भाषेत जाहीर करणे विक्रीमंचांवर बंधनकारक आहे. व्यवहारात मात्र ‘सुसंगतता’, ‘लोकप्रियता’ असे दोन-चार मोघम शब्द लिहिले, की नियम पाळल्याचे समाधान मिळविता येते. शिवाय सोपी भाषा म्हणजे कोणाची भाषा? मराठी, गोंडी, कोलामी बोलणाऱ्या या तालुक्यात इंग्रजीतील सोपेपणाचा उपयोग किती, हे सांगावयास नको. पैसे घेऊन क्रम वर नेता येतो काय, हे सांगण्याची सक्ती युरोपीय संघाने २०१९ च्या विनियमात स्पष्ट शब्दांत केली. आपल्या २०२० च्या त्या कलमात हा शब्द नाही. २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी छुप्या जाहिरातीला फसव्या क्लृप्तींत गणले, एवढाच काय तो दिलासा.

निकष उघड केले तर लबाड विक्रेते त्यांचा गैरफायदा घेतील, असे कंपन्या म्हणतात. त्यात तथ्य आहे. पण त्यांच्या गणिताचे प्रत्येक पाऊल कोणी मागितलेले नाही. १९७२ साली सुरू झालेल्या कापूस एकाधिकार खरेदी योजनेत ग्रेडरविषयी तक्रारींचा पाऊस पडे, आणि त्यांतील पुष्कळशा रास्त असत. तरी प्रतवारी करणारा माणूस समोर असे, ढीग समोर असे, शेतकऱ्याला निदान भांडता येई. यादीशी भांडणार कसे?

२०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने विसाच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो रुग्णालयांत पडले. त्यांत मजुरीवर फवारा पाठीवर घेतलेले भूमिहीनही होते. औषधाची निवड त्यांच्या हाती नव्हती. म्हणून कीटकनाशकाला साबणाचा वा चपलांचा न्याय लावता येणार नाही. पैसे घेऊन वरचे स्थान देण्यास या वस्तूंपुरती सरळ बंदी हवी. विषाच्या तीव्रतेचा त्रिकोण आणि विक्रेत्याचा परवाना क्रमांक यादीतच, नावाशेजारी, मराठीत दिसला पाहिजे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने निकषांची निवेदने नुसती दप्तरी न लावता प्रत्यक्ष याद्यांशी ताडून पाहावीत. दुकानदाराने चुकीचे औषध गळ्यात मारले तर कृषी अधिकारी त्याच्या दारात जाऊ शकतो. यादीने तेच केले तर कोणाच्या दारात जावयाचे, हे पुढील खरिपाची फवारणी सुरू होण्यापूर्वी प्राधिकरणाने जाहीर करावे.