शुक्रवारी मुलांना घेऊन या

ओमानमधल्या रुस्ताकमध्ये आणि आसपास राहणाऱ्या सर्व मराठी आणि भारतीय कुटुंबांसाठी.

थेट मुद्द्यावर येते. तुमचं मूल उशिरा बोलतंय, हाक मारली तरी वळून बघत नाही, वर्गात बसत नाही म्हणून शाळेतून सारखे फोन येतात. किंवा ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, डाउन सिंड्रोम असं काही निदान होऊन फाइल कपाटात पडली आहे. अशा प्रत्येक घराने येत्या शुक्रवारी, असरची नमाज होऊन ऊन उतरलं की, आमच्या घरी यावं. मुलाला घेऊन यावं, त्याच्या भावंडांनाही आणावं. ज्यांच्या घरात असं मूल नाही त्यांनी तर नक्की यावं, कारण त्यांच्याकडे आमचं मागणं आहे.

घाई एवढ्यासाठी की, आपल्या शाळांचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं. त्याच्या आधी, फेब्रुवारी-मार्चच्या सुमाराला, कुठल्या ना कुठल्या घरात बॅगा भरायला सुरुवात होते. बाबा इथेच राहतो आणि आई मुलाला घेऊन पुण्याला नाहीतर कोल्हापूरला जाते. “तिकडे थेरपी मिळते” हे कारण खरं असतं, आणि काही घरांसाठी तो निर्णय योग्यही असतो. पण काही जणी केवळ इथे एकट्या पडल्या म्हणून गेल्या. चार गल्ल्या सोडून तसंच मूल असलेलं दुसरं घर होतं आणि दोन्ही घरांना एकमेकांचा पत्ता नव्हता. यंदा हे होऊ द्यायचं नाही.

रुस्ताकची अडचण आपल्या सगळ्यांना माहीत आहे. गाव देखणं आहे, माणसं भली आहेत, इस्पितळ आहे, इंडियन स्कूल आहे. पण स्पीच थेरपिस्ट, ऑक्युपेशनल थेरपिस्ट, विशेष शिक्षक हवा म्हटलं की गाडी मस्कतच्या रस्त्याला लावावी लागते. सुमारे १५० किलोमीटर जायचं, पाऊण तासाच्या सेशनसाठी रियाल मोजायचे आणि तेवढंच परत यायचं. तोवर मूल थकून रडवेलं झालेलं असतं आणि घरी दुसऱ्या मुलाचा गृहपाठ तसाच पडलेला असतो. मस्कतला दारसैतच्या इंडियन स्कूलमध्ये विशेष मुलांसाठी वेगळा विभाग आहे, पण तिथे रोज जायचं तर बिऱ्हाडच हलवायला हवं. सामाजिक विकास मंत्रालयाची अल वफा केंद्रं आहेत, पण ती मुख्यतः ओमानी मुलांसाठी आणि कामकाज अरबीत.

मग तज्ज्ञ इथे येईपर्यंत काय करायचं? बहुतेक घरं वाट बघतात. मी सांगते, वाट बघण्यातच सगळ्यात जास्त नुकसान होतं.

आमच्या धाकट्याला ऑटिझम आहे. त्याच्यासोबतचा आमचा दिवस तुमच्यासारखाच असतो, फक्त त्यात आगाऊ सूचना फार असतात. मिक्सर लावण्याआधी मी “आता मिक्सर” असं म्हणते आणि थांबते. तो कानांवर हात ठेवतो, स्वतःच्या पायांनी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर जाऊन उभा राहतो आणि मान हलवतो. मग मी बटण दाबते. पूर्वी याच मिक्सरपायी सकाळभर रडारड व्हायची आणि चटणी पाट्यावर वाटावी की काय, इथवर विचार गेला होता. फ्रिजवर चार चित्रं ओळीने लावली आहेत: दात, आंघोळ, डबा, बस. एक काम झालं की तो ते चित्र काढून डब्यात टाकतो. बस उशिरा आली तर “बस येतेय”चं वेगळं चित्र आहे. यातलं एकही काम डिग्री असलेल्या माणसाने घरी येऊन केलेलं नाही. कुणीतरी आम्हाला शिकवलं आणि आम्ही रोज करत राहिलो.

हे फक्त आमच्या घरापुरतं खरं आहे असं नाही. गोव्यातली ‘संगाथ’ ही संस्था आणि पाकिस्तानातलं रावळपिंडी अशा दोन ठिकाणी एक चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०१६ मध्ये ‘लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री’त छापून आले. २ ते ९ वर्षांची ६५ ऑटिस्टिक मुलं त्यात होती. तज्ज्ञ नसलेल्या, पण नीट प्रशिक्षण मिळालेल्या कार्यकर्त्यांनी आईवडिलांना मुलाशी खेळावं कसं, त्याच्या इशाऱ्याची वाट बघावी कशी हे शिकवलं. आईवडील मुलाच्या कलाने घेऊ लागले आणि मुलं आपणहून संवाद सुरू करू लागली. जागतिक आरोग्य संघटनेनेही याच धर्तीवर पालकांसाठी एक प्रशिक्षण तयार केलं आहे: गटाच्या ९ बैठका आणि ३ गृहभेटी. त्याचा ऑनलाइन पाठ फुकट आहे. रुस्ताकमध्ये भारतीय आणि पाकिस्तानी घरं एकाच इमारतीत राहतात. गोव्यात आणि रावळपिंडीत जमलं ते इथल्या एका दिवाणखान्यात का जमू नये?

“आमच्यात असं कुणी नाहीच” असं म्हणणाऱ्यांसाठी एक आकडा देते. ओमानमधल्या मुलांवरचा २०११ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगत होता की १०,००० मुलांमागे १.४ मुलांना ऑटिझम आहे. २०१९ च्या अभ्यासात तोच आकडा २०.३५ झाला. ही मुलं आठ वर्षांत आभाळातून पडली नाहीत. ती होतीच, पण घरात होती. तपासणारं कुणी नव्हतं आणि दाखवायची कुणाची हिंमत होत नव्हती.

म्हणून शुक्रवार. संस्था काढायची नाही, नाव ठेवायचं नाही, अध्यक्ष-सचिव नेमायचे नाहीत. पैसे तर मुळीच गोळा करायचे नाहीत. या देशात परवानगीशिवाय वर्गणी जमवणं गुन्हा आहे आणि आपल्याला तिची गरजही नाही. उपचारही कुणी कुणावर करायचे नाहीत. एका खोलीत मुलं खेळतील, दुसऱ्या खोलीत मोठी माणसं तो ऑनलाइन पाठ एकत्र बघतील आणि आठवडाभर काय जमलं, काय फसलं ते एकमेकांना सांगतील. मुलांकडे बघायची पाळी ठरलेली असेल. आपल्याच गावातल्या अल मुयस्सर फलजला, म्हणजे पाण्याच्या जुन्या पाटाला, युनेस्कोने २००६ साली जागतिक वारशात घेतलं. त्या फलजचं पाणी कुणा एकाच्या मालकीचं नसतं. ज्याची पाळी, त्याच्या बागेत ते वळतं. आपल्याला वेळ तसा वाटून घ्यायचा आहे. दोन तास तुमची मुलं मी बघते, पुढच्या आठवड्यात माझी तुम्ही बघा. या मुलांच्या आईला सलग दोन तास झोप मिळणं हीसुद्धा मदतच आहे.

आता प्रत्येकाकडे मागणं.

ज्यांना शंका आहे त्या आईबाबांना: थांबू नका. वर्षाचं मूल बोट दाखवत नसेल, नावाला ओ देत नसेल, सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नसेल, दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडून बोलत नसेल, किंवा येत असलेलं बोलणं कुठल्याही वयात बंद झालं असेल, तर आधी कानांची तपासणी आणि मग बालविकासतज्ज्ञ. १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी एम-चॅट नावाची २० प्रश्नांची यादी नेटवर विनामूल्य मिळते. ते निदान नव्हे, पण डॉक्टरकडे जायचं की नाही एवढं त्यातून कळतं. “याचे बाबाही चार वर्षांचे झाल्यावर बोलले” हे वाक्य प्रत्येक घरात आहे. ते खरं असलं तरी तपासणी करून घ्या. तपासून काही निघालं नाही तर पेढे वाटू.

आणि घरात मराठी बोलणं सोडू नका. “मूल गोंधळतं, एकच भाषा ठेवा” हा सल्ला अनेकांना मिळतो आणि मग व्हिडिओ कॉलवरची आजी अचानक मुकी होते. दोन भाषांमुळे ऑटिस्टिक मुलाचं बोलणं मागे पडतं, असं आजवरच्या अभ्यासांतून दिसलेलं नाही. ज्या भाषेत तुम्हाला लाड करता येतात, रागावता येतं, तीच मुलाशी बोला.

निदान झालेल्या घरांना: जून-जुलैत गावी जाल तेव्हा कागदपत्रांचं काम उरकून या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारच्या दिव्यांगता आहेत आणि ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता, ही त्यातली एक. यूडीआयडी या दिव्यांग ओळखपत्रासाठी स्वावलंबन पोर्टलवर इथूनच अर्ज भरा आणि सरकारी रुग्णालयात तपासणी करून घ्या. पुणेकरांना ससून किंवा औंधचं जिल्हा रुग्णालय आहे. सीबीएसईत या मुलांना तीन तासांच्या पेपरला एक तास जादा, लेखनिक आणि दोनऐवजी एकच भाषा घेण्याची मुभा मिळते. मात्र ती कागदांवर आणि शाळेमार्फतच मागावी लागते. दहावीच्या डिसेंबरमध्ये धावाधाव करून ते होत नाही. सुट्टीत स्टेम सेल थेरपीच्या जाहिरातीही दिसतील. ऑटिझमसाठी ती वापरू नये, असं भारताच्या नॅशनल मेडिकल कमिशनच्या मंडळाने डिसेंबर २०२२ मध्ये सांगितलं आहे. सोनं गहाण ठेवून तिकडे जाऊ नका.

शेजाऱ्यांना आणि मित्रांना: आमच्या मुलाला वाढदिवसाला बोलवा. तो केक कापताना टाळ्यांना घाबरेल, अर्ध्या तासात निघेल, कदाचित फुगा फोडेल. तरी बोलवा. हायपरमार्केटमध्ये जमिनीवर लोळण घेतलेलं मूल दिसलं तर “लाडावलंय” म्हणू नका. ट्रॉली बाजूला घ्या, आईला विचारा, “काही धरू का?” कारण शोधायचं थांबवा. मोबाइल जास्त दिला, आईने नोकरी केली, दृष्ट लागली, हे सगळं आमचं ऐकून झालंय आणि त्यातल्या कशानेही ऑटिझम होत नाही.

आणि आमच्या थोरलीला वेगळं बोलवा, एकटीला. ती शहाणी आहे, काही मागत नाही, भावाने तिची वही फाडली तर दुसरी आणते. अशी शहाणी मुलं घराघरात आहेत आणि त्यांच्या शहाणपणाचा आपण फार गैरफायदा घेतो. तिच्या नृत्याच्या कार्यक्रमाला आम्ही दोघंही पोचू शकत नाही, तेव्हा पहिल्या रांगेत कुणीतरी ओळखीचं बसलेलं हवं.

शिक्षकांना: तुमच्यावर किती ओझं आहे ते कळतं. आम्ही वेगळी इमारत मागत नाही. वर्गात एक शांत कोपरा, फळ्याच्या कडेला दिवसाचा क्रम आणि मूल सैरभैर झालं तर पाच मिनिटं बाहेर फिरायची मुभा एवढंच द्या. चित्रं आम्ही करून देतो, लॅमिनेटही करून देतो. गावात शिक्षक घडवणारं कॉलेज ऑफ एज्युकेशन आहे आणि तिथे आपले काही प्राध्यापक आहेत. त्यांनी एका शुक्रवारी येऊन वर्गातल्या साध्या युक्त्या सांगितल्या तर दहा घरांचं भलं होईल.

मस्कतच्या मराठी मंडळींना: गणपती, दिवाळी, कोजागिरी आम्ही दरवर्षी तुमच्याकडे यायचं ठरवतो आणि ढोल-स्पीकरच्या धास्तीने परत फिरतो. कार्यक्रमात एक शांत खोली ठेवा, आरतीआधी अर्धा तास स्पीकर बंद असताना या मुलांना दर्शन घेऊ द्या. तुमच्यात डॉक्टर, थेरपिस्ट आहेत. महिन्यातून एक तास व्हिडिओवर आमच्या शंका ऐकल्यात तर आमचे ३०० किलोमीटर वाचतील.

गावाकडच्या आजी-आजोबांना: सुनेला दोष देऊ नका. नवस बोला, पण तपासणीला अडवू नका. नातवाशी रोज पाच मिनिटं फोनवर तेच गाणं, त्याच वेळी म्हणा. आमच्याकडे रात्री आठ वाजता आजीचं गाणं ऐकून जो मुलगा स्क्रीनजवळ येतो, तो दिवसभर कुणाकडे बघत नसतो.

महाराष्ट्रात या कामाला मोठी परंपरा आहे. मुंबईचं जय वकील स्कूल १९४४ पासून आहे, पुण्याची कामायनी १९६४ पासून. मुंबईचा फोरम फॉर ऑटिझम आणि डोंबिवलीजवळ खोणीचं घरकुल तर पालकांनीच एकत्र येऊन उभं केलं. त्यांनाही सुरुवातीला आयतं काही मिळालं नव्हतं. आपण त्यांच्याएवढं मोठं काही काढायला निघालेलो नाही, फक्त एक संध्याकाळ मोकळी ठेवायची आहे.

घराचा पत्ता शाळेच्या फाटकाशी माझ्याकडून घ्या किंवा ज्याने हे पत्र तुम्हाला दाखवलं त्याला विचारा. काही आणू नका. मुलाला जे खेळणं लागतं तेवढं बरोबर असू दे, मग तो चमचा असला तरी चालेल. मूल ओरडलं, पळालं, काही फोडलं तर माफी मागायची नाही, हा एकच नियम आहे. ज्या घरात असं मूल आहे हे तुम्हाला माहीत आहे, पण ते घर स्वतःहून येणार नाही, त्यांना तुमच्या गाडीत बसवून आणा. हे काम आजच करा, कारण तीन वर्षांच्या मुलाचं एक वर्ष वाया गेलं तर ते पुन्हा मिळत नाही.