लूत म्हणजे एकच रोग नव्हे

पावसाळ्यात बाळकुम नाक्यावर किंवा एखाद्या गृहसंकुलाच्या प्रवेशद्वाराशी केस गळालेला, सतत अंग खाजवणारा कुत्रा हमखास दृष्टीस पडतो. पाहणारा हळहळतो आणि ‘याला लूत लागली’ असे म्हणून पुढे जातो. कोणी घृणेने त्याला हाकलतो, तर कोणी दयेपोटी त्याच्या अंगावर जळके इंजिन ऑइल किंवा फिनाईल ओततो. हेतू शुद्ध असला, तरी त्या मुक्या जीवाच्या यातना वाढतात. कुत्रा आपले अंग चाटतो. कातडीला लावलेले विष त्याच्या पोटात जाते.

वस्तुतः ‘लूत’ या एका शब्दाखाली अनेक व्याधी दडलेल्या असतात. कानाच्या कडा व कोपरे यांवर खपल्या धरून असह्य खाज सुटत असेल, तर त्वचेत बिळे करणाऱ्या खरजेच्या सूक्ष्म किडीचा संशय घ्यावा. ही खरूज इतर कुत्र्यांत झपाट्याने पसरते व माणसालाही काही काळ खाज आणते. दुसरी कीड निरोगी कुत्र्याच्याही केसांच्या मुळाशी अल्प प्रमाणात असतेच. प्रतिकारशक्ती खालावली की ती बळावते. पिल्लांच्या डोळ्यांभोवतीचे केस प्रथम जातात. ती माणसाला लागत नाही. अशा पिल्लाला भीतीपोटी हाकलणे निष्कारण असते.

गोल चट्टे गजकर्णाचे असू शकतात आणि ते माणसाला होते. शेपटीच्या मुळाशी खाज पिसवांमुळे सुटते. वृद्ध कुत्र्यांच्या कोपरांवर सिमेंटच्या जमिनीवर सतत बसून घट्टे पडतात व पुढे फुटतात. उघड्या जखमेवर माश्यांनी अंडी घातली, तर एका दिवसातही अळ्या होतात. तेथे विलंब प्राणघातक ठरतो.

बाहेरून सारखीच दिसणारी ही दुखणी कातडीचा खरवड सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्यावर वेगळी ओळखता येतात. खरजेच्या किडीचे जीवनचक्र सुमारे तीन आठवड्यांचे असल्याने एका मात्रेने काम भागत नाही; खाज थांबली तरी डॉक्टरांनी सांगितलेला क्रम पूर्ण करावा लागतो. आयव्हरमेक्टिनसारखे औषध ऐकीव माहितीवर देणे काही जातींच्या कुत्र्यांना जीवघेणे ठरू शकते.

ठाणेकरांना परळ फार दूर नाही. तेथे १८८६ मध्ये स्थापन झालेले मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि बाई साकरबाई दिनशा पेटिट पशुरुग्णालय आहे. तेथवर जाणे शक्य नसल्यास जवळच्या पशुवैद्यास किंवा प्राणिमित्र संस्थेस कळवावे. वेदनेने व्याकूळ कुत्रा चावू शकतो, म्हणून त्याला स्वतः पकडू नये. चावल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन तत्काळ रेबीजची लस घ्यावी.

तोवर स्वच्छ पाणी, पोटभर अन्न आणि कोरडी सावली एवढे तर प्रत्येक संकुल देऊ शकते. जीवदयेला ज्ञानाची जोड मिळाली, तरच ती त्या जीवापर्यंत पोहोचते.