पत्ता एक, डिस्क अनेक: आयस्कझीत नाव म्हणजे कुलूप नव्हे

एप्रिल २०१९ मध्ये एक बातमी आली होती. जगभरातल्या १३,००० हून जास्त आयस्कझी स्टोरेज यंत्रणा इंटरनेटवर पासवर्डशिवाय उघड्या सापडल्या. बातमी जुनी झाली, पण त्यामागचं कारण अजून तसंच आहे, म्हणून आज त्यावर लिहितोय.

फोनवरून आपण क्लाउडवर एकेक फोटो पाठवतो. आयस्कझीत मात्र अख्खी डिस्कच नेटवर्कवरून जोडली जाते. कॉम्प्युटरला ती स्वतःच्याच पोटातली हार्ड डिस्क वाटते. कंपन्यांचे सर्व्हर हे वापरतात, घरचा नॅस बॉक्ससुद्धा बऱ्याचदा हे करू शकतो.

आता खरी गंमत. नॅसचा आयपी पत्ता एक, पोर्टही ठरलेला, ३२६०. पण त्यामागे टार्गेट दहा असू शकतात. मग कोणतं हवंय ते कळणार कसं? सोसायटीचा पत्ता एक आणि फ्लॅट अनेक, तसंच हे. पत्ता फक्त गेटपर्यंत नेतो, पुढे नाव सांगावं लागतं. म्हणून लॉगिनच्या सुरुवातीलाच कॉम्प्युटर स्वतःचं नाव आणि हव्या त्या टार्गेटचं नाव सांगतो.

या नावाची रचना मला फार आवडते. आधी 'आयक्यूएन', मग वर्ष आणि महिना, मग उलटं लिहिलेलं डोमेन, शेवटी कोलन देऊन आपण ठेवलेलं नाव. तारीख कशाला? तर डोमेन उद्या दुसऱ्याला विकलं जाऊ शकतं. नाव देणाऱ्याकडे ते डोमेन ज्या महिन्यात होतं, तो महिना लिहिला की जुन्या आणि नव्या मालकाची नावं एकमेकांवर आदळत नाहीत. बॉक्सचा आयपी बदलला तरी नाव तेच राहतं.

नावच माहीत नसेल तर? तीही सोय आहे. 'सेंडटार्गेट्स' असं विचारायचं, टार्गेटची यादी हजर! सोसायटीच्या गेटवरचा नावांचा बोर्डच म्हणा ना. ऑफिसच्या आतल्या नेटवर्कमध्ये हे सोयीचं, पण तेच पोर्ट इंटरनेटवर उघडं असेल तर बोर्ड कुणीही वाचणार. वर पासवर्ड नसेल तर डिस्क जोडणार, अगदी फॉरमॅटसुद्धा करणार.

"आम्ही ठरावीक कॉम्प्युटरच्या नावालाच परवानगी दिलीय," असं बरेच जण सांगतात. पण ते नाव कॉम्प्युटर स्वतःच सांगतो. लिनक्सवर ते साध्या टेक्स्ट फाइलमध्ये असतं, हवं ते लिहा. वॉचमनला "मी तिसऱ्या मजल्यावरचा जोशी" म्हणण्याइतकं सोपं. त्यासाठी 'चॅप' आहे. त्यात पासवर्ड तारेवरून न पाठवता तो माहीत असल्याचं सिद्ध करावं लागतं. मात्र चॅप फक्त दार सांभाळतो, आतला डेटा उघडाच वाहतो. त्यामुळे घरी किंवा दुकानात नॅस असेल, तर राउटरच्या पोर्ट फॉरवर्डिंगमध्ये ३२६० दिसतोय का ते आधी बघा. दिसला तर काढून टाका. बाहेरून हवंच असेल तर व्हीपीएन लावा.

नव्या डेटा सेंटरमध्ये आता एनव्हीएमई-ओव्हर-टीसीपी येतंय. तिथेही नावाची पद्धत जवळपास तीच, फक्त 'एनक्यूएन' म्हणतात. यादी देणारी डिस्कव्हरी सेवाही आहेच. ओळख तपासणं आणि टीएलएस दोन्हीची तरतूद आहे, पण ती चालू करायची की नाही, हे बसवणाऱ्याच्या हातात सोडलंय.