महिन्यातून एक दिवस दुकान बंद ठेवा, मुंबईची प्रदर्शने पाहा

कोलशेत रोडवर पूर्वी रासायनिक कारखाने होते. आज त्यांच्या जागी उंच इमारती उभ्या आहेत. नवी घरे म्हणजे सुतार, ग्रिलवाले, पीओपीवाले, पॉलिशवाले, पडदे शिवणारे अशा सर्वांना काम. या धंद्यांत आपले कारागीर बंधू कमी नाहीत. मग तक्रार कशाची?

तक्रार ही की, हात आपले आणि डिझाइन दुसऱ्याचे. ग्राहक मोबाइलवर फोटो दाखवतो आणि म्हणतो, ‘अगदी असेच करून द्या.’ तोच फोटो त्याने आणखी दोन दुकानांत दाखवलेला असतो. तिघेही सारखेच काम करणार म्हटल्यावर निवड फक्त भावावर होते. अशा रीतीने उस्ताद कारागीर हळूहळू मजूर बनतो.

यावर उपाय म्हणजे नजर तयार करणे. ती कॅटलॉग चाळून तयार होत नाही, अस्सल काम समोर उभे राहून पाहावे लागते. असे काम पाहण्याची सोय आपल्यापासून लोकलच्या एका प्रवासावर आहे.

सीएसएमटीहून काळा घोडा पायी पंधरा-वीस मिनिटांवर. तेथे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आहे, म्हणजे १९२२ साली लोकांसाठी खुले झालेले पूर्वीचे प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम. त्याची इमारत हेच पहिले प्रदर्शन समजावे. घुमटावर विजापूरच्या गोल घुमटाची छाप आहे आणि आत नाशिककडील जुन्या वाड्याच्या कोरीव लाकडी कमानी बसवल्या आहेत. सुताराने तेथे अर्धा तास थांबावे. खांब कमानीला कोठे मिळतो, वेल कोपऱ्यात कशी वळते, कोरीव भागाशेजारी साधी जागा किती सोडली आहे, हे पाहावे. धातुकाम करणाऱ्यांनी बादशहा अकबराचे चिलखत व ढाल चुकवू नये.

शेजारीच १९५२ सालचे जहांगीर कलादालन आहे. प्रवेशाला पैसे पडत नाहीत आणि प्रदर्शने सतत बदलतात. जवळच राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय १९९६ पासून आहे, ते सोमवारी बंद असते. जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या सुमारास काळा घोडा महोत्सव भरतो. तेथील स्टॉलवर ग्राहक काय उचलतो आणि किती मोजतो, हे व्यापाऱ्यांनी जरूर पाहावे.

भायखळ्याच्या राणीबागेतील डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय तर कारागिरांसाठीच आहे. १८५१ च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनानंतर इकडच्या हस्तकला दाखवण्याच्या विचारातून ते आकाराला आले. धातू, माती, लाकूड यांतील बारीक काम तेथे जमवलेले आहे. बुधवारी ते बंद असते. दुरुस्तीसाठीही कधी बंद राहते, म्हणून आधी चौकशी करून निघावे.

काही बंधू म्हणतील, ‘चित्रे-पुतळ्यांशी आपल्याला काय करायचे?’ नसेल आवड तर ती दालने सोडून द्या. जाळी, वेल, बुट्टी, किनार आणि रंगांचा मेळ यांतच वर्षभर पुरेल एवढे आहे. चित्रकार आणि कारागीर यांच्यात भिंत नाही, हेही ध्यानात घ्यावे. पंढरपूरला जन्मलेल्या एम. एफ. हुसेन यांनी मुंबईत आधी सिनेमाचे फलक रंगवले आणि मुलांच्या फर्निचरची व खेळण्यांची डिझाइने केली.

जाताना वही-पेन्सिल न्यावी. सगळे पाहण्याचा हट्ट नको, तीनच नमुने वहीत उतरवावेत. आठवड्याच्या आत त्यांतला एक उरलेल्या लाकडावर किंवा पत्र्यावर करून दुकानात मांडावा. आजच्या चित्रकाराचे चित्र मात्र जसेच्या तसे उचलू नये, तो त्याचा हक्क आहे.

तसाच हक्क आपल्यालाही आहे. डिझाइन कायदा २००० अन्वये स्वतःचे नवे डिझाइन नोंदवता येते. हक्क १० वर्षे मिळतो व पुढे ५ वर्षे वाढवता येतो. अट एवढीच की, नमुना लोकांपुढे मांडण्याआधी अर्ज झाला पाहिजे.

एक दिवसाची मजुरी बुडेल, हे खरे. पण पुढच्या वेळी ग्राहकाने मोबाइल काढला, तर त्याच्यासमोर आपली वही उघडता येईल. मग भावाची बोलणी दुसऱ्याच्या फोटोवर नव्हे, आपल्या नमुन्यावर होतील.