वॉर्डातल्या पहिल्या दिवसाची सोबत

सकाळी आठच्या आत वॉर्डात हजर व्हायचे. अंगावर इस्त्रीचा गणवेश, हातात प्रोसिजर बुक. नर्सिंगची विद्यार्थिनी पहिल्या क्लिनिकल पोस्टिंगला जाते तेव्हा तिचे वय जेमतेम अठरा-एकोणीस असते. कॉलेजच्या लॅबमध्ये पुतळ्याला स्पंजिंग करायला ती शिकलेली असते; पण पुतळा कण्हत नाही, त्याचे नातेवाईक अंगावर धावून येत नाहीत आणि सकाळी तिच्याशी बोललेला तो दुपारी दगावत नाही. त्या दिवशी हॉस्टेलवर परतल्यावर ती कोणाशी बोलते, हे आपल्याकडे फारसे कोणी विचारत नाही.

विचारायला हवे, कारण गप्प राहण्याची किंमत शरीरालाही मोजावी लागते. सुई टोचण्याचेच घ्या. एचआयव्हीबाधित रक्त लागलेली सुई टोचल्यास संसर्गाचा धोका साधारण हजारात तीन असतो. प्रतिबंधक औषधे शक्य तितक्या लवकर, फार तर 72 तासांच्या आत सुरू करावी लागतात. लस न घेतलेल्यांना हिपॅटायटिस बीचा धोका याहून कितीतरी अधिक. तरीही 'सिस्टर ओरडतील' या भीतीने एखादी मुलगी बोट धुऊन गप्प बसते. एक-दोन वर्षे पुढच्या ताईला मात्र ती हे सांगू शकते आणि ताई तिला हाताला धरून कॅज्युअल्टीत नेऊ शकते. सहाध्यायींचा आधार म्हणतात तो इतका साधा असतो.

भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानुसार दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हवा. तो असला तरी गुण त्याच्याच हातात. त्याच्यापुढे 'मला भीती वाटते' म्हणणे सोपे नाही. म्हणून प्रत्येक नवख्या विद्यार्थिनीला (आणि विद्यार्थ्यालाही, वॉर्डात मुलगे अधिकच एकटे पडतात) तिसऱ्या वर्षाची जोडीदार द्यावी. ड्युटी संपताना पंधरा मिनिटे त्यांना एकत्र बसू द्यावे. तिथले बोलणे मूल्यमापनात येता कामा नये. 1929 पासून असलेल्या स्टुडंट नर्सेस असोसिएशनच्या कॉलेजांतील शाखा हे काम सहज हाती घेऊ शकतात.

मात्र वीस-एकवीस वर्षांच्या मुलीला समुपदेशक समजू नये. मैत्रिणीची झोप उडाली, जगणे नको वाटते असे ती बोलू लागली, तर ते ट्यूटरला सांगायचे किंवा 'टेलिमानस'च्या 14416 या क्रमांकावर फोन करायचा, हे तिला आधीच शिकवलेले असावे. आणि परिचारिका कमी म्हणून विद्यार्थिनींवरच वॉर्ड चालवणाऱ्या रुग्णालयांनी ही पंधरा मिनिटेसुद्धा ड्युटीत ओढून घेऊ नयेत.