मदत सातबाऱ्याला की कसणाऱ्याला?

3 जून 2020 रोजी निसर्ग वादळ अलिबागेच्या दक्षिणेस किनाऱ्याला लागले व एका दुपारीत रायगड जिल्हा उजाड करून गेले. श्रीवर्धन-मुरुडच्या वाड्या आडव्या झाल्या. आमच्या पाली-सुधागडातही घरांचे पत्रे उडाले व आंबे मुळासकट पडले. सरकारने दोन दिवसांत जिल्ह्यास 100 कोटी रुपये जाहीर केले आणि पुढे फळबागांचा हेक्टरी 18,000 चा दर 50,000 वर नेला. चांगल्याला चांगले म्हणण्यास आम्हांस लाज वाटत नाही.

पण आमच्याकडे हेक्टराची वाडी आहे कोणाची? कोणाची दोन गुंठे, कोणाची चार. हेक्टरी पन्नास हजार म्हणजे गुंठ्याला पाचशे रुपये. पावणेतीन मीटरांवर लावली तर गुंठ्यात सुपारीची तेरा-चौदा झाडे बसतात. म्हणजे झाडामागे छत्तीस-सदतीस रुपये! पडलेले झाड तोडून बाहेर ओढणाऱ्या गड्याची मजुरीही त्यात भागत नाही. ओरड झाली तेव्हा झाडे मोजून सुपारीस 50 व नारळास 250 रुपये ठरले. वाडीत हिशेब झाडाचा असतो हे कोणत्याही माळ्याने सांगितले असते, पण त्यास विचारतो कोण?

असो. दर ओरडून वाढतो. नावाचे दुखणे ओरडून जात नाही. त्याच वर्षी परतीच्या पावसाने कापणीचे भात भिजले. हेक्टरी 10,000 रुपये ठरले. पैसा गेला सातबाऱ्यावरील नावाला. सातबारा सामाईक असेल तर मुंबईकर भावांची संमतीपत्रे आणा, आजा मेला असेल तर वारसनोंद करा, मग पैसे! आणि जो काथोडी किंवा ठाकूर अर्धेलीने दुसऱ्याचे शेत लावतो, ज्याचे बियाणे गेले, ज्याच्या बायकोने चिखलात लावणी केली, त्याचे नाव कोणत्याच कागदावर नाही. पीक त्याचे बुडाले, मदत मालकाला मिळाली.

हे असे का, तेही सांगतो. याच जिल्ह्यात 1933 साली चरीच्या कुळांनी खोतांविरुद्ध संप पुकारला व तो वर्षानुवर्षे चालविला. पुढे 1948 चा कूळ कायदा आला आणि 1 एप्रिल 1957 च्या कृषकदिनी अनेक कुळे मालक झाली. तेव्हापासून जमीनवाल्याने धडा घेतला : शेत द्यावे, पण कागद देऊ नये. कागदावर नाव गेले तर उद्या हक्क सांगेल, ही त्याची भीती. कायद्याने कुळाला जमीन दिली खरी, पण कायद्याच्या धाकाने आजचा कसणारा कागदावरून पुसला गेला.

यावर तोड नाही असे नाही. आंध्र प्रदेशाने 2019 साली कायदा करून अकरा महिन्यांच्या करारावर कसणाऱ्यास कार्ड देण्याचे ठरविले. त्यावर पीककर्ज, विमा व नुकसानभरपाई मिळावी आणि मालकाच्या मालकीस धक्का लागू नये, अशी त्याची योजना आहे. तेथेही मालक सही करण्यास कां-कूं करतात, हे खरे. परंतु महाराष्ट्र सरकारने निदान एवढे करावे : पंचनाम्यात मालकाच्या नावाखाली कसणाऱ्याचे नाव लिहावे, त्याने कूळहक्क उत्पन्न होत नाही असे तेथेच छापावे, पिकाची मदत कसणाऱ्यास व झाडाची मालकास द्यावी, आणि तो पंचनामा ग्रामसभेत मोठ्याने वाचावा. शेत कोण कसतो हे गावास ठाऊक असते. तेथे खोटे नाव फार वेळ टिकणार नाही.