दहा चुका झाल्या की पीसी लॉक! तुमचा होतो का?

शहापूर-मुरबाडच्या ई-सेवा केंद्रातल्या पीसीवर गिऱ्हाइकांचे आधार, सातबारे पडलेले असतात. पासवर्ड ‘मुरबाड१२३’ असेल आणि रिमोट डेस्कटॉप थेट इंटरनेटवर उघडं, तर बॉट रात्रभर अंदाज मारत बसतो. दुकानाला शटर आहे, पण त्याचं त्याला काय!

मायक्रोसॉफ्टने २०२२ मध्ये नव्याने टाकलेल्या विंडोज ११ मध्ये सोय दिली: १० चुका झाल्या की १० मिनिटं लॉक. उशीरच केला म्हणा. जुन्या मशीनवर ती असेलच असं नाही; त्यात विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय.

कमांड प्रॉम्प्टमध्ये इंग्रजीत ‘नेट अकाउंट्स’ टाईप करा. ‘लॉकआउट थ्रेशोल्ड’समोर ‘नेव्हर’ दिसलं, तर कितीही वेळा चुका, पीसी अडवणार नाही. मग लॉक लावेपर्यंत निदान रिमोट डेस्कटॉप तरी आजच बंद करा.